क्लाउड साठ्याचे सिंक

क्लाउड साठ्याचे सिंक : दूरच्या सर्व्हरवर ठेवलेल्या फाइली आणि आपल्या संगणकातल्या फाइली एकसारख्या ठेवण्याची पद्धत. सर्व्हरवरच्या कोणत्या फाइली संगणकात प्रत्यक्ष उतरवायच्या आणि कोणत्यांची नुसती नावे दाखवायची, हे ठरवणेही तिच्यातच येते. मराठीत ‘समक्रमण’ असा प्रतिशब्द आहे; बोलताना मात्र ‘सिंक झालं का?’, ‘सिंक अडकलंय’ असेच ऐकू येते, म्हणून या नोंदीतही तोच शब्द घेतला आहे. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स आणि आयक्लाउड या नेहमीच्या सेवा. त्यांत फुकट मिळणारी जागा अनुक्रमे १५, ५, २ आणि ५ जीबी. गूगलच्या १५ जीबीत जीमेल आणि फोटोही मोजले जातात.

सांगलीच्या माणसाला यातली मुख्य कल्पना नवी वाटू नये. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या खोल पेवांत साठवत. माल हरिपूरच्या मातीत आणि त्याचा सौदा सांगलीच्या पेठेत. हातात कागद असे. हळद लागेल तेव्हा पेव उघडायचे. संगणकात दिसणारी ‘फक्त ऑनलाइन’ फाइल हा असाच कागद आहे. तिचे नाव दिसते, तारीख दिसते, आकारही दिसतो. मजकूर मात्र दुसरीकडे असतो. पेव फोडल्यावर आत कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबावे लागे, तसे इथे डाउनलोड पुरे होईपर्यंत थांबावे लागते. आणि नेटच नसेल तर पेव उघडतच नाही. नाव दिसतेय म्हणजे फाइल आहे, असे धरून चालण्यातून या विषयातल्या पुष्कळ तक्रारी जन्मतात.

इतिहास : दोन संगणकांतल्या फाइली जुळवण्याची धडपड इंटरनेट घरोघरी येण्याआधीची आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांच्या गटाने १९८७ मध्ये ‘कोडा’ या फाइल-प्रणालीचे काम सुरू केले. जाळ्यातून बाहेर पडण्यापूर्वी लागणाऱ्या फाइली लॅपटॉपवर साठवून घ्यायच्या, बाहेर असताना त्यांवर काम करायचे आणि परत जोडल्यावर बदल जुळवायचे, ही तिची रीत. आजच्या सेवा करतात ते याहून फार वेगळे नाही. विंडोज ९५ मध्ये ‘ब्रीफकेस’ नावाचा फोल्डर होता. फ्लॉपीवर टाकून घरी न्यायचा आणि परत आणून ‘अपडेट’ म्हणायचे. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचे ‘आरसिंक’ हे सॉफ्टवेअर आले. फाइलीचा बदललेला भागच पाठवण्याची युक्ती त्याने रूढ केली.

ड्रॉपबॉक्सची स्थापना २००७ ची. बोस्टनहून न्यूयॉर्कला बसने जाताना पेन ड्राइव्ह घरी राहिला आणि त्यातून कल्पना सुचली, असे संस्थापक ड्र्यू ह्यूस्टन सांगतात. (सांगली-स्वारगेट एसटीत बसल्यावर पेन ड्राइव्ह आठवलेले लोकही पुष्कळ असतील; त्यांनी कंपनी काढली नाही, इतकेच.) मायक्रोसॉफ्टची स्कायड्राइव्ह २०१४ मध्ये वनड्राइव्ह झाली, तर गूगल ड्राइव्ह २०१२ मध्ये सुरू झाले.

फाइलीऐवजी नुसते नाव दाखवण्याचा प्रयोग मायक्रोसॉफ्टने विंडोज ८.१ मध्ये, म्हणजे २०१३ मध्ये केला होता. फाइल दिसते पण उघडत नाही, या गोंधळापायी तो विंडोज १० मधून काढला गेला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘फाइल्स ऑन-डिमांड’ म्हणून सुधारून परत आला. दरम्यान २०१६ मध्ये ॲपलने मॅकवर जागा वाचवण्याची तशीच सोय दिली होती. गूगलने २०२१ मध्ये आपली दोन वेगळी सॉफ्टवेअरे एकत्र करून ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ केले.

पद्धती : सर्वांत जुनी आणि भोळी पद्धत म्हणजे पूर्ण प्रत. क्लाउडवर जे जे आहे ते सारे संगणकात. गूगल तिला ‘मिरर’ म्हणते. नेट गेले तरी काम चालते, पण क्लाउडवर ३०० जीबी असेल आणि लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची असेल, तर मुळातच जमत नाही. दुसरी, निवडक फोल्डरांची. न निवडलेला फोल्डर संगणकावर दिसतच नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने मागच्या तीन हंगामांचे फोल्डर असे वगळले, तर डिस्क मोकळी होते. पण सहा महिन्यांनी एखादे गिऱ्हाईक अल्बमची जादा प्रत मागते तेव्हा फोल्डर गेला कुठे म्हणून धांदल उडते. तो क्लाउडवर असतोच, वेबसाइटवर जाऊन पाहावा लागतो.

तिसरी पद्धत आता बहुतेक ठिकाणी आपोआप चालू असते : मागणीनुसार फाइल. गूगल तिला ‘स्ट्रीम’ म्हणते आणि विंडोजवर ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते. वनड्राइव्हमध्ये निळा ढग म्हणजे फक्त ऑनलाइन. पांढऱ्या वर्तुळातली हिरवी खूण म्हणजे उघडल्यामुळे उतरलेली, पण जागा कमी पडल्यास पुन्हा ढगात जाऊ शकेल अशी. भरीव हिरव्या वर्तुळातली पांढरी खूण म्हणजे कायमची संगणकात. फाइलीवर राइट क्लिक केले की ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ आणि ‘फ्री अप स्पेस’ हे दोन पर्याय मिळतात. खात्री करायची असेल तर प्रॉपर्टीज उघडून ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ हे दोन आकडे ताडून पाहावेत. दुसरा शून्य असेल तर हातात नुसता कागद आहे.

जागा मोकळी करण्यासाठी फाइल डिलीट करायची नसते, हे वेगळे सांगावे लागते, कारण डिस्क भरली की माणूस सवयीने तेच करतो. सिंक फोल्डरातून फाइल खोडली की ती सगळीकडून जाते : ऑफिसातून, मुलाच्या लॅपटॉपमधून, फोनमधून. ‘फ्री अप स्पेस’ने हळद पेवात परत जाते. ‘डिलीट’ने पेव रिकामे होते.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरही वनड्राइव्हकडे देता येतात. नवा संगणक सुरू करताना घाईत ‘हो’ म्हटले गेले, तर हे फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलतात आणि फुकटचे ५ जीबी बघता बघता भरतात. पुढे ती सोय बंद केली की डेस्कटॉप रिकामा दिसून छातीत धस्स होते. फाइली बहुधा वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या डेस्कटॉपमध्ये सुखरूप असतात.

आतली यंत्रणा : संगणकातले सिंक सॉफ्टवेअर ठरलेल्या फोल्डरावर नजर ठेवून असते. फाइल बदलली की तिचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढते. ठसा जुळला तर तो तुकडा पुन्हा पाठवायचा नसतो. ड्रॉपबॉक्सचे तुकडे ४ एमबीपर्यंतचे असतात. तरीही पहिल्यांदा सारे वर चढवावेच लागते आणि इथे घरगुती जोडणीची खरी परीक्षा होते, कारण अनेक जोडण्यांत अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा कमी असतो. सेकंदाला १ मेगाबिट वेग असेल तर १ जीबी चढायला सव्वादोन तास लागतात. ४० जीबीच्या फोटोंना जवळजवळ चार दिवस. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा दीड जीबीचा पॅक असेल तर तो सिंक गुपचूप खाऊन टाकते. विंडोजमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ (डेटा मोजून मिळणारी) ठरवले की वनड्राइव्ह आपणहून थांबते. इतर सेवांत वेगाला मर्यादा घालता येते किंवा काही तास ‘पॉज’ करता येते.

दोघांनी एकच फाइल : खानापूर-आटपाडी भागातली गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबे देशभर पसरली आहेत. सोन्या-चांदीचे दुकान दक्षिणेतल्या एखाद्या शहरात आणि हिशेब पाहणारा भाऊ विट्यात, अशा घरात एक एक्सेल फाइल दोन्हीकडे सिंक असते असे समजू. दुकानातले नेट दुपारी गेले, तिकडे नोंदी चालूच राहिल्या. इकडे भावानेही त्याच फाइलीत बेरजा दुरुस्त केल्या. संध्याकाळी नेट आल्यावर सॉफ्टवेअरपुढे एकाच फाइलीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या येतात. कोणती खरी हे ठरवणे त्याचे काम नव्हे, म्हणून ते दोन्ही ठेवते. ड्रॉपबॉक्स एका प्रतीच्या नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असे लिहिते, तर वनड्राइव्ह संगणकाचे नाव जोडते. त्या दोन प्रती समोरासमोर ठेवून माणसानेच मिळवायच्या. महिनाभर कोणी लक्ष दिले नाही की तीच फाइल सहा नावांनी दिसू लागते आणि मग कोणता आकडा खरा यावरून घरात वाद. फाइल थेट ब्राउझरमध्ये एकत्र भरली तर हा प्रश्न बराचसा टळतो, पण त्यासाठी दोन्हीकडे नेट चालू हवे.

गूगल डॉक्सच्या फाइलींबाबत एक गंमत आहे. गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात त्या दिसतात, पण ‘मिरर’ केल्या तरी संगणकात असते ती केवळ दुव्याची छोटी फाइल. ती पेन ड्राइव्हवर कॉपी करून दुसऱ्याला दिली तर त्याला काहीच मिळत नाही. प्रत हवी असेल तर वर्ड किंवा पीडीएफ म्हणून डाउनलोड करावी लागते.

सिंक आणि बॅकअप : ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तळमजल्यावरच्या दुकानांत आणि कार्यालयांत पाणी शिरले. अशा शहरात कागदपत्रे दूरच्या सर्व्हरवर असावीत, हे पटवून द्यावे लागत नाही. पण त्याच पुराची दुसरी बाजू अशी, की वीज आणि नेट गेल्यावर ढगाचे चिन्ह असलेल्या फाइली निरुपयोगी ठरतात. विमा पॉलिसी, सातबारा, आधार, खरेदीखत असा एक छोटा फोल्डर पावसाळ्याआधी लॅपटॉपवर आणि फोनवर ‘कायम इथेच’ करून ठेवावा. तो काही एमबींचा असतो.

सिंकला मात्र बॅकअप म्हणता येत नाही. चूक, खोडाखोड किंवा फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, यांतला प्रत्येक बदल ते तितक्याच इमानाने सगळीकडे पोहोचवते. हरिपूरच्या अनेक पेवांत २००५ च्या महापुरात पाणी शिरले. सगळी हळद एकाच ठिकाणी असली की कागद जपून ठेवला तरी उपयोग नसतो. गूगल, आयक्लाउड, वैयक्तिक वनड्राइव्ह आणि फुकटचे ड्रॉपबॉक्स खोडलेल्या फाइली ३० दिवस ठेवतात, आणि बऱ्याच फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही मिळतात. चूक एकतिसाव्या दिवशी ध्यानात आली तर इलाज उरत नाही. म्हणून महिन्याकाठी बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रत घेऊन ती काढून ठेवणे भाग आहे. ही प्रत घेताना निळ्या ढगाच्या फाइली आधी उतरवून घ्याव्यात.

काही फाइली सिंक फोल्डरात ठेवूच नयेत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा आणि आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल या दिवसभर उघड्या असतात आणि सतत बदलतात; अर्धवट लिहिलेली स्थिती वर गेली तर डेटा बिघडू शकतो. त्यांचा बॅकअप काढून ती बंद फाइल सिंकमध्ये टाकावी.

देवनागरी नावे : मराठी नावांच्या फाइलींना एक खास अडचण येते. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला चंद्रकोरीसारखा ‘ऱ्’ युनिकोडमध्ये (संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतात) एकाहून अधिक रीतींनी लिहिला जातो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र्’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे. मॅकची एचएफएस प्लस ही जुनी फाइल-प्रणाली पहिला प्रकार फोडून दुसऱ्यासारखा साठवी. सॉफ्टवेअरने ही नावे नीट जुळवली नाहीत तर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी दिसू शकतात. तिसरा प्रकार तर युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही (वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या रीतीनेही) पहिल्या दोहोंशी जुळत नाही. शिवाय युटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेते आणि लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हे. विंडोजवर बऱ्याच सॉफ्टवेअरांना फोल्डरांसह पूर्ण मार्ग २६० चिन्हांच्या आत लागतो. एकात एक सात फोल्डर आणि प्रत्येकाचे नाव वाक्यभर, अशी सवय असलेल्यांचे सिंक इथे अडते. नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन टिंब किंवा तिरकी रेघ असली तर विंडोज ती घेतच नाही. तारीख ‘१२/८’ अशी न लिहिता ‘१२-८’ लिहावी.

सामायिक संगणक : सेवा केंद्रावर किंवा मित्राच्या दुकानात फॉर्म भरताना सिंक सॉफ्टवेअरमध्ये आपले खाते कधीही जोडू नये, काम ब्राउझरमधून उरकावे. जोडले गेलेच असेल तर वेबसाइटवर खात्याच्या सुरक्षा विभागात जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथून ते काढून टाकता येते. मात्र त्या संगणकात आधीच उतरलेल्या फाइली तिथेच राहतात, त्या हाताने खोडाव्या लागतात, आणि हे खोडणे खाते वेगळे केल्यानंतर करायचे असते. आधी खोडल्या, तर त्या घरच्या संगणकावरूनही जातील.