शुगर मॅपल

शुगर मॅपल (शास्त्रीय नाव : एसर सॅकॅरम) हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील थंड जंगलांत वाढणारा मोठा पानझडी वृक्ष असून मॅपल सिरप (रस आटवून केलेला गोड पाक) मुख्यतः त्याच्याच रसापासून बनते. कॅनडातील नोव्हा स्कोशिया, क्वेबेक व ऑन्टॅरिओपासून अमेरिकेतील मिनेसोटापर्यंत आणि दक्षिणेस टेनेसीच्या डोंगराळ भागापर्यंत तो आढळतो. त्याचे कुल सॅपिंडेसी. आपल्याकडील रिठा, कुसुंब आणि लिची हे याच कुलातले. सह्याद्रीत कुसुंब वसंतात कोवळ्या पालवीने लालभडक होतो, तर त्याचा हा दूरचा भाऊबंद शरदात, पाने गळण्याआधी, पिवळा, नारिंगी व लाल होतो.

वृक्ष साधारणपणे २५ ते ३५ मी. उंच वाढतो. पाने संमुख (फांदीवर समोरासमोर जोडीने येणारी), लांब देठाची व बहुधा पाच खंडांची असतात. दोन खंडांमधील खाच गोलसर असते आणि कडेला मोजकेच टोकदार दाते असतात. रेड मॅपलमध्ये हीच खाच कोनाकार आणि कडा करवतीसारखी असते. युरोपातून आणून लावलेला नॉर्वे मॅपल मात्र पानांवरून सहज चकवतो. अशा वेळी देठ मोडून पाहावा : नॉर्वे मॅपलमधून दुधी चीक येतो, शुगर मॅपलमधून पाण्यासारखा स्वच्छ रस.

हिरवट पिवळी, पाकळ्या नसलेली फुले वसंतात दोऱ्यासारख्या देठांवर लोंबतात. पंख असलेली फळे जोडीने लागतात व शरदात भिरभिरत खाली येतात. जोडीतल्या एकाच फळात बहुधा बी असते. बियांना रुजण्यापूर्वी दीर्घ थंडी लागते आणि त्यांचे अंकुरण सुमारे १° से. इतक्या कमी तापमानालाही होते. रोपे गर्द सावलीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि एखादे जुने झाड पडून वर उजेड मोकळा झाला की झपाट्याने वाढतात. आम्ल पर्जन्यामुळे मातीतील कॅल्शियम घटले, किंवा हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ मुळांशी पोचले, तर झाड खंगत जाते.

या वृक्षाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या रसात आहे. उन्हाळ्यात तयार झालेली साखर खोडात पिष्टाच्या (स्टार्चच्या) रूपात साठते आणि हिवाळा सरताना पुन्हा साखर होऊन रसात उतरते. रात्री तापमान गोठणबिंदूखाली जाते तेव्हा खोडातील तंतूंमधला वायू आकसतो, तेथे बर्फ धरतो आणि मुळांकडून पाणी वर ओढले जाते. दिवसा ऊन पडून बर्फ वितळला की वायू पुन्हा प्रसरण पावतो, आतला दाब वाढतो आणि खोडाला पाडलेल्या भोकातून रस थेंबथेंब ठिबकू लागतो. हा चढउतार नसेल तर रस वाहत नाही. रसात साखर जेमतेम २ टक्के असते, म्हणून एक लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. ही विद्या मूळची तिथल्या आदिवासींची, अनिशिनाबे, अबेनाकी आदी समाजांची. युरोपीय वसाहतकरी ती त्यांच्याकडूनच शिकले. आज जगातील बहुतांश सिरप क्वेबेकमध्ये तयार होते. हंगाम काही आठवड्यांचाच असतो : झाडावरील कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते आणि भोकांतल्या तोट्या काढून घेतल्या जातात.