सरदार सरोवराचं 'पर्यावरण सर्टिफिकेट': जरा खुलासा

आपल्या बडोद्यात दांडिया बाजारात चहाला थांबा नाहीतर फॅमिली ग्रुप बघा, केवडियाच्या नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचा विषय निघाला की कोणीतरी काका म्हणणारच, अरे त्या धरणाला दिल्लीने पर्यावरणाचं सर्टिफिकेट दिलंय, म्हणजे निसर्गाचं काही नुकसान नाही हे सिद्धच झालं ना!

नाही हो काका. जून 1987 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने दिली ती मंजुरी होती, तीही अटी घालून. पाणलोट क्षेत्राची कामं, वनस्पती-प्राणी, लाभक्षेत्र, आरोग्य, यांचे बरेच अभ्यास तेव्हा पूर्णच झाले नव्हते, ते बांधकाम चालू असतानाच करायचे असं ठरलं. म्हणजे आधी काम सुरू करा, तपासणी सोबत सोबत होईल! असल्या कागदाला पास झाल्याचा दाखला कसं म्हणायचं सांगा.

आणि अभ्यास अपुरे असल्याची टीका धरणाला कर्ज देणाऱ्या खुद्द वर्ल्ड बँकेने नेमलेल्या मोर्स समितीनेही 1992 मध्ये केली होती, मग 1993 मध्ये भारताने उरलेलं कर्ज घेणंच थांबवलं. सुप्रीम कोर्टाने 2000 मध्ये काम पुढे न्यायला परवानगी दिली हे खरं, पण उंची वाढवताना नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाच्या पर्यावरण उपगटाची मंजुरी घ्यायची असंही सांगितलं.

दुसरा घोळ 2019 चा, 'रिन्यूएबल' म्हणजे निसर्गाला धक्काच नाही असं समजण्याचा. मोठ्या जलविद्युतला सरकारने 'रिन्यूएबल' म्हटलं ते वीज कुठल्या प्रकारात मोजायची यासाठी, त्याने धरणाच्या खाली भरूचकडे नर्मदेत शिरणारं समुद्राचं खारं पाणी थोडंच गोड होतं.

1450 मेगावॅटची वीज हवीच आहे, त्याबद्दल भांडण नाही. फक्त मंजुरीला सर्टिफिकेट म्हणू नका.