बॅकअप घेतला, पण उघडून पाहिला का?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे आजही बोली लावूनच होतात. पण सौदा ठरला की पुढचं सगळं, तोलाई, हमाली, शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या पैशांचा हिशेब), जीएसटीचं बिल, अडत दुकानातल्या एका संगणकावर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातं. तो संगणक बंद पडला की पट्टी अडते.

बहुतेक ठिकाणी बॅकअपची हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडलेली दिसते. हीच खरी चूक. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडवून खंडणी मागणारा व्हायरस, शिरला की संगणकाला लिहिता येईल अशा प्रत्येक ड्राइव्हवरच्या फाइल्स तो कुलूपबंद करतो. जोडलेली डिस्कही त्यात गेली. आणि पुराचं काय? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत चढली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. खालच्या ड्रॉवरमधली डिस्क संगणकासोबतच बुडते.

म्हणून दोन डिस्क घ्या. संध्याकाळी सगळ्या संगणकांवरची टॅली बंद करा, नाहीतर नोंद अर्धवट असतानाच प्रत निघते. त्या दिवसाच्या तारखेचा नवा फोल्डर करून त्यात बॅकअप घ्या आणि डिस्क लगेच काढा. दर शनिवारी ती मिरजेत किंवा तासगावला, पुराचं पाणी पोचत नाही अशा घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कशी बदला. तिसरी प्रत क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठ्यात), वेगळ्या पासवर्डने. नुसतं सिंक, म्हणजे इथला प्रत्येक बदल तिथे आपोआप उतरणं, पुरत नाही, कारण इथली बिघडलेली फाइल तिथल्या चांगल्या फाइलवर जाऊन बसते.

महिन्यातून एकदा बॅकअप रिस्टोअर करून, म्हणजे त्यातला डेटा परत टॅलीत उतरवून, पाहाच. याला पर्याय नाही. मात्र चालू डेटाच्या फोल्डरमध्ये कधीही करू नका. टॅलीत दुकानाच्या हिशेबाला ‘कंपनी’ म्हणतात; तिचा नंबर तोच असल्याने जुना डेटा आजच्या नोंदी पुसून टाकतो. वेगळा फोल्डर किंवा दुसरा संगणक वापरा. मग तेरीज (सगळ्या खात्यांची जमा-नावे बेरीज) जुळते का, शेवटच्या व्हाउचरचा नंबर बरोबर आहे का आणि एखाद्या शेतकऱ्याचं खातं नीट उघडतं का, हे तपासा. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. तीन तास लागले, तर तेवढा वेळ हाताने पट्ट्या करायला छापील पुस्तक दुकानात हवं.

घरून काम करता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचं) ३३८९ पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याचं दार, उघडं ठेवलं असेल, तर आजच बंद करा. तिथे रात्रंदिवस आपोआप पासवर्ड लावून पाहिले जातात. घरून जोडायचंच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी, सुरक्षित मार्ग) बसवून घ्या.

यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दमते. मग वीज गेल्यावर संगणक नोंद लिहिता लिहिताच बंद पडतो, डेटा बिघडतो आणि संध्याकाळी त्याच बिघडलेल्या डेटाचा बॅकअप निघतो. त्यासाठी किमान महिन्याभराचे जुने फोल्डर डिस्कवर राहू द्या.