हार्ड डिस्कचा ट्रे: घेण्याआधी आणि बसवताना

वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणारी युनिट पैशाला पासरी. आम्ही मात्र डीव्हीआर (सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) आणि सर्व्हरमध्ये हार्ड डिस्क बसवायचे ट्रे व ब्रॅकेट करतो. "पत्र्याचाच तुकडा, मग एवढा दर कशाचा?" असे बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे पत्रक.

साडेतीन इंची डिस्कमधली तबकडी साधारण 95 मिमी व्यासाची असते. मिनिटाला 7200 फेरे धरले, तर तिच्या काठाचा वेग ताशी 130 किलोमीटरच्या आसपास जातो. माहिती वाचणारे-लिहिणारे हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते आणि इंचभर जागेत काही लाख ट्रॅक, म्हणजे माहितीच्या गोल रेषा, असतात. डिस्क थरथरली की हेड ट्रॅकवरून ढळते आणि तीच जागा पुन्हा खाली येईपर्यंत काम खोळंबते. रेकॉर्डिंग अडखळते ते यामुळेही. बोल मात्र डिस्कला लागतो.

7200 म्हणजे सेकंदाला 120 फेरे. ट्रेचा पत्रा नेमका याच गतीने कंप पावणारा निघाला, तर थरथर उलट वाढते. म्हणून आम्ही कडा दुमडून पत्रा ताठ करतो. नुसता जाड पत्रा लावला तर वजन तेवढे वाढते.

डिस्क आणि ट्रेच्या मध्ये रबर असते. "रबर चांगले मऊ टाका" हा नेहमीचा आग्रह. तो आम्ही मानत नाही. हेड धरणारा आर्म झटक्यात एकीकडे वळला की त्याचा उलटा झटका डिस्कच्या बॉडीला बसतो. रबर फार मऊ असेल तर अख्खी डिस्कच किंचित उलटी फिरते आणि हेड जागेवर स्थिरावायला उशीर लागतो. रबर अगदीच नसले, तर शेजारच्या डिस्कची थरथर थेट इकडे येते. मध्यम कडक रबर, यात तडजोड नाही.

स्क्रूबाबत सर्वांत जास्त गोंधळ होतो. साडेतीन इंची डिस्कला 6-32 चा (इंची मापाच्या आट्यांचा) स्क्रू लागतो, अडीच इंचीला एम3 (3 मिमीचा). एम3 मोठ्या डिस्कमध्ये शिरतो खरा, पण आटे धरत नाही. काही दिवसांत सैल पडतो. उलट 6-32 लहान डिस्कमध्ये दाबून फिरवला तर ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. म्हणून ट्रेसोबतच्या पाकिटातलेच स्क्रू वापरा. लांब स्क्रूही नको, आतल्या भागाला टेकतो.

आपल्याकडचा मे महिना वेगळा सांगायला नको. बहुतेक डिस्कची मर्यादा 60 अंश सेल्सिअसची. पत्र्याच्या शेडखालच्या बंद पेटीत ती गाठायला वेळ लागत नाही. दोन डिस्कमध्ये फट ठेवा, पंख्याची जाळी झाडत जा. डिस्कवर 'झाकू नका' असे लिहिलेले बारीक छिद्र दिसले, तर त्यावर गॅरंटीचे स्टिकर डकवू नका. हेलियम भरलेल्या डिस्क सीलबंद असतात, त्यांना ते छिद्र नसते.

ऑर्डर देताना डिस्कचे मॉडेल कळवा. जास्त क्षमतेच्या काही डिस्कना बाजूचे मधले भोक नसते, आणि जुन्या मापाचा ट्रे त्यांना बसत नाही.