दगड मोजू नका, खडी पाहा

ऑनलाइन दुकानांत 'झेन गार्डन' नावाचा एक लाकडी ट्रे मिळतो. त्यात पांढरी वाळू, तीन-चार गोटे आणि बोटाएवढं दंताळं. टेबलावर ठेवा, मन शांत होईल, घरात पॉझिटिव्ह एनर्जी येईल, असं जाहिरातीत म्हटलेलं असतं. कुठल्या दिशेला ठेवायचा हेही काहीजण सांगतात. अशी ऊर्जा आजवर कुठल्याही उपकरणाने मोजलेली नाही, तेव्हा तो दावा सरळ बाजूला ठेवावा. वाईट याचं वाटतं, की या जाहिरातबाजीत मूळ बागेमागचं खरं आणि फार सुंदर विज्ञान झाकलं जातं.

अशा बागांपैकी सगळ्यात प्रसिद्ध बाग जपानमधल्या क्योतो शहराच्या वायव्य भागात, र्‍योआन-जी नावाच्या झेन (जपानमधला एक बौद्ध पंथ) मंदिरात आहे. होसोकावा कात्सुमोतो या सरदाराने १४५० साली मंदिराची स्थापना केली. पुढे ते युद्धात जळलं आणि पुन्हा बांधलं गेलं. बाग म्हणजे सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असा सपाट आयत. त्यावर दंताळ्याने रेघा ओढलेली पांढरी खडी आणि पाच गटांत मांडलेले १५ दगड. दगडांच्या पायथ्याशी थोडं शेवाळ, बाकी झाड नाही की फूल नाही. बाग आत शिरून पाहायची नसते, मंदिराच्या ओसरीवर बसून पाहायची असते.

ओसरीवर कुठेही बसलं तरी एखादा दगड दुसऱ्याआड लपतोच, म्हणून येणारे लोक दगड मोजत बसतात. ही समुद्रातली बेटं आहेत, किंवा पिल्लांना घेऊन नदी ओलांडणारी वाघीण आहे, असे अर्थही सांगितले जातात. मला वाटतं, यात आपलं लक्ष चुकीच्या जागी जातं. जपानी कलेत 'मा' ही कल्पना फार महत्त्वाची आहे. दोन वस्तूंमधलं, दोन आवाजांमधलं अंतर हे उरलेलं नसून मुद्दाम राखलेलं असतं, असं ती सांगते. मग विज्ञानाने विचारायचा प्रश्न असा: या मोकळ्या जागेला स्वतःचा आकार असतो का?

असतो, आणि तो काढताही येतो. हॅरी ब्लम या अमेरिकी संशोधकाने १९६० च्या दशकात त्याची एक युक्ती मांडली. समजा, बागेत खडीऐवजी वाळलेलं गवत आहे. पाचही दगडगटांच्या कडांना एकाच क्षणी आग लावली. वणवा सगळीकडे सारख्याच वेगाने पसरतो आहे. दोन बाजूंनी आलेल्या ज्वाळा जिथे एकमेकींना भिडतील तिथे त्या विझतील, कारण पुढचं गवत आधीच जळालेलं असेल. अशा सगळ्या भेटीच्या जागा जोडल्या की एक रेषाजाल मिळतं. त्याला मध्य-अक्ष म्हणतात. या रेषेवरचा प्रत्येक बिंदू किमान दोन गटांपासून सारख्या अंतरावर असतो.

आता यातली खरी गंमत. जिथे तीन बाजूंची आग एकाच वेळी पोहोचते, तो बिंदू तीन गटांपासून समान अंतरावर असतो. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा आणि पहिला-तिसरा अशा जोड्यांच्या तीन सीमारेषा तिथे एकत्र येतात. म्हणजे एका रेषेवरून चालत त्या बिंदूशी आलो, तर पुढे दोन वाटा फुटतात. चार गटांपासून समान अंतरावरचा बिंदू फार क्वचित जुळून येतो, म्हणून फाटे सहसा दोनच. दुभंगत जाणारी फांदी शून्यातून अशी उगवते.

गेर्ट व्हान टोंडर, मायकेल लायन्स आणि योशिमिची एजिमा यांनी र्‍योआन-जीच्या नकाशावर हेच गणित केलं आणि २००२ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केलं. मोकळ्या खडीत त्यांना एक झाड सापडलं. बुंधा, त्याला दोन फांद्या, त्यांना पुन्हा दोन-दोन, आणि प्रत्येक पायरीला लांबी कमी होत जाणारी. बुंधा जातो तो थेट मंदिराच्या मध्यभागाजवळ, म्हणजे परंपरेने जिथे बसून बाग पाहायची त्या जागेकडे! संगणकात दगड वाटेल तसे विखुरले, तेव्हा ही रचना मोडली.

पण ही रेषा डोळ्यांना दिसतच नाही, तर मेंदूला कशी कळणार? इलोना कोवाच आणि बेला युलेश यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की बंदिस्त वर्तुळाच्या आत एखादी अंधुक खूण इतर ठिकाणांपेक्षा मध्यावर, म्हणजे कडेला लावलेली आग आत येऊन जिथे भेटेल तिथे, जास्त सहज ओळखता येते. माकडांच्या मेंदूतल्या प्राथमिक दृष्टी-बाह्यकातल्या (डोळ्यांकडून आलेल्या माहितीवर काम करणाऱ्या भागातल्या) काही पेशीही आकाराच्या मध्य-अक्षावर थोड्या उशिराने, पण जोरात प्रतिसाद देतात. मला सगळ्यात आवडलेला प्रयोग फायरस्टोन आणि शोल यांचा, २०१४ चा. त्यांनी लोकांसमोर टॅबलेट धरला, त्यावर एक आकार, आणि सांगितलं, यात हवं तिथे एकदा बोट टेकवा. एका माणसाचं एकच टिंब. पण सगळ्यांची टिंबं एकत्र केली, तर आकाराचा मध्य-अक्ष उमटला.

यावरून बाग पाहिल्याने रक्तदाब उतरतो असं सिद्ध होत नाही. 'नेचर'मधला अभ्यास रचनेचा आहे, शांततेचा नाही. बाग रचणाऱ्यांनी हे गणित मांडलं असेल असंही नाही. दगड सरकवून, ओसरीवर येऊन पाहून, पुन्हा सरकवून नजरेला पटेपर्यंत ते थांबले नसावेत, इतकंच म्हणता येईल.

आवाजातलं अंतर राखणारी एक वस्तूही जपानी बागांत असते, शिशी-ओदोशी. आसावर तोललेली बांबूची नळी. पाणी साठत जातं तसा गुरुत्वमध्य पुढे सरकतो, आस ओलांडला की नळी कलंडते, रिकामी होते आणि मागचं टोक दगडावर टक्कन आपटतं. मुळात ही हरणं-रानडुकरं शेतातून हाकलण्याची सोय! दोन टकटकींमधला अवकाश किती, हे पाण्याच्या धारेवर ठरतं.

ट्रे विकत घेण्याआधी एक करून पाहा. कागदावर पाच ठिपके मनाला येतील तसे काढा आणि शेजारच्या प्रत्येक जोडीच्या बरोबर मधून, त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात जाणाऱ्या रेषा, एकमेकींना भेटेपर्यंत, ओढा. मग र्‍योआन-जीचा नकाशा शोधून त्यावर तेच करा. पट्टी आणि कंपास पुरे.