सरकार टिकले, पक्ष झिजला: १९९६च्या लोकसभा निवडणुकीची पार्श्वभूमी

एप्रिल १९९६च्या अखेरीस अकराव्या लोकसभेसाठी मतदान सुरू झाले, तेव्हा पी. व्ही. नरसिंह राव यांचे सरकार पाच वर्षे पूर्ण करत आले होते. नेहरू-गांधी घराण्याबाहेरच्या एकाही पंतप्रधानाला तोवर हे साधले नव्हते. परकीय चलनाची गंगाजळी सावरली होती, विकासदर सहा टक्क्यांच्या पुढे गेला होता, पंजाबातला दहशतवाद ओसरला होता. तरीही काँग्रेस हरली आणि तोवरच्या इतिहासातला तिचा सर्वांत कमी आकडा घेऊन हरली. आणीबाणीनंतर १९७७मध्येसुद्धा तिला १५४ जागा मिळाल्या होत्या. १९९६मध्ये मिळाल्या १४०.

या पराभवाचे खापर राजकारण्यांना बेकायदा पैसे दिल्याच्या हवाला प्रकरणावर किंवा तमिळनाडूतल्या एका चुकीच्या युतीवर फोडण्याची पद्धत आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या शेवटच्या तीन-चार महिन्यांतल्या. मूळ दुखणे जुने होते. सरकार टिकवण्यासाठी रावांनी जी रीत अवलंबली, तिनेच पक्ष आतून पोखरला, असे मला वाटते.

सुरुवात थोडी मागून करायला हवी. १९६९च्या फुटीनंतर काँग्रेसमध्ये राज्यांतले नेतृत्व दिल्लीहून ठरू लागले. मुख्यमंत्री श्रेष्ठींच्या मर्जीने येत, मर्जीने जात. स्वतः राव १९७१मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले ते याच व्यवस्थेतून आणि १९७३मध्ये पायउतार झाले तेही तिच्यातूनच. इंदिरा गांधींचा करिष्मा होता तोवर हे खपून गेले. १९८४च्या सहानुभूतीच्या लाटेत उत्तर प्रदेशातल्या ८५ पैकी ८३ जागा मिळाल्या, म्हणून खालची पोकळी दिसली नाही. पाचच वर्षांत बोफोर्स तोफांच्या लाचेच्या आरोपाच्या वादळात तिथे १५ उरल्या. पुढे मंडल (मागासवर्गीयांचे आरक्षण) आणि मंदिर (अयोध्येचे आंदोलन) या दोन्ही लाटा आल्या. मागासवर्गीय मतदार एका बाजूला गेला, उच्चवर्णीय दुसऱ्या बाजूला आणि उत्तर प्रदेश-बिहारात काँग्रेसच्या पायाखाली जमीनच राहिली नाही.

१९९१ची निवडणूक अर्ध्यावर असताना २१ मे रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली. जूनमधल्या उरलेल्या टप्प्यांत सहानुभूतीची मते मिळाली, पण बहुमत मिळाले नाही. नेतेपदाच्या स्पर्धेत शरद पवार होते, अर्जुन सिंह होते. निवड झाली ती त्या वेळी लोकसभेची निवडणूकही न लढवलेल्या, निवृत्तीच्या वाटेवर असलेल्या सत्तर वर्षांच्या रावांची. महाराष्ट्राला ते परके नव्हते. नागपुरात कायदा शिकलेले, उत्तम मराठी बोलणारे आणि १९८४ व १९८९ अशा दोन्ही वेळा रामटेकमधून लोकसभेवर गेलेले. पक्षात त्यांचा स्वतःचा गट नव्हता आणि त्यामुळेच ते सगळ्यांना चालले.

पुढच्या महिनाभरात त्यांनी जे केले ते थोर होते. तिजोरीत जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले, सोने इंग्लंडला गहाण गेले आणि २४ जुलैला अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी आर्थिक सुधारणांचा तो अर्थसंकल्प मांडला. त्याच दिवशी परवाना राज मोडीत काढणारे औद्योगिक धोरण संसदेत आले. उद्योग खाते रावांकडेच होते, पण हे धोरण त्यांनी राज्यमंत्र्यांकरवी सभागृहाच्या पटलावर ठेवले. इतका मोठा बदल करायचा आणि तो आपण केला असे मोठ्याने म्हणायचे नाही! पाच वर्षे हेच चालले. सुधारणा म्हणजे नेहरूंच्याच मार्गाचे पुढचे पाऊल, असे पक्षाला सांगितले गेले. परिणामी निवडणुकीत त्यांचे श्रेय मागण्याची वेळ आली तेव्हा कार्यकर्त्याकडे शब्दच नव्हते आणि महागाईचा राग मात्र सरकारच्या पदरात पडला.

पक्ष सावरण्याची एक संधी एप्रिल १९९२मध्ये तिरुपतीच्या अधिवेशनात आली होती. वीस वर्षांनंतर प्रथमच संघटनात्मक निवडणुका झाल्या, कार्यकारिणीसाठीही मतदान झाले. त्यात अर्जुन सिंह आणि पवार भरघोस मतांनी निवडून आले. निवडून आलेल्यांत एकही स्त्री नाही, एकही दलित नाही, असे कारण पुढे करून रावांनी सगळ्यांचे राजीनामे घेतले आणि कार्यकारिणी पुन्हा नेमणुकीने भरली. कारण खोटे नव्हते. पण निवडून आलेला नेता आणि नेमलेला नेता यांच्यातला फरक पुसला गेला आणि पक्षातली लोकशाही परतण्याचा रस्ता तिथेच बंद झाला. माझ्या मते १९९६च्या पराभवाची पहिली पायरी तिरुपतीची आहे.

दुसरी पायरी अर्थातच ६ डिसेंबर १९९२. बाबरी मशीद पाडली जात असताना केंद्र सरकार काहीही करू शकले नाही. उत्तर प्रदेशातल्या कल्याण सिंह सरकारने न्यायालयाला दिलेल्या हमीवर आपण विसंबलो, हा रावांचा बचाव होता. कायद्याच्या भाषेत तो कदाचित टिकेल, पण मुस्लिम मतदाराला तो कधीच पटला नाही. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई पेटली, सुमारे नऊशे माणसे गेली. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांत आणखी २५७. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांना दूर करून संरक्षणमंत्री असलेल्या पवारांना मुंबईत परत पाठवण्यात आले. राज्य त्यांनी सावरलेही, त्याच सप्टेंबरात किल्लारीच्या भूकंपात त्यांची प्रशासनावरची पकड दिसली. पण दंगलीच्या दिवसांत सरकार कुठे होते, हा प्रश्न मोहल्ल्यांतून गेला नाही.

जुलै १९९३मध्ये सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. तो २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला आणि त्या चौदा मतांची किंमत पुढे झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना दिलेल्या लाचेच्या खटल्यात उघड झाली. त्याच सुमारास शेअर घोटाळ्यातल्या हर्षद मेहताने पंतप्रधानांना एक कोटी रुपये दिल्याचा जाहीर आरोप केला होता. मग साखर आयातीचा घोळ झाला, कल्पनाथ राय यांना मंत्रिपद सोडावे लागले. आरोप प्रत्येक वेळी न्यायालयात, समितीत, चौकशीत अडकत गेला आणि सरकार पुढच्या अधिवेशनापर्यंत तरत गेले. दिल्लीत याला चाणक्यनीती म्हणून वाखाणणारे बरेच होते.

राज्यांनी मात्र हिशेब मांडायला सुरुवात केली. १९९४च्या अखेरीस आंध्रात एन. टी. रामाराव दोन रुपये किलो तांदळाचे आश्वासन घेऊन परतले. २९४ जणांच्या विधानसभेत काँग्रेसला २६ जागा मिळाल्या, त्याही पंतप्रधानांच्या स्वतःच्या राज्यात. कर्नाटकात जनता दलाचे देवेगौडा मुख्यमंत्री झाले. मग आला महाराष्ट्र.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा आला. तो दिवसभर ताटकळला. सरकारतर्फे त्याला कोणी सामोरे गेले नाही आणि संध्याकाळच्या चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. मेलेल्यांत बायका आणि मुले खूप होती. विदर्भ काँग्रेसचा हक्काचा प्रदेश होता आणि त्या हक्काचा माज कसा असतो ते त्या दिवशी दिसले. भाजपचे गोपीनाथ मुंडे यांनी गुन्हेगार आणि राजकारणी यांच्या साट्यालोट्यावर राज्य पिंजून काढले, मुंबईत महापालिकेचे अधिकारी गो. रा. खैरनार यांचे आरोप रोज गाजत होते. दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पावरून कोकणात आणि प्रचारसभांत वादळ उठले. आणि काँग्रेस स्वतःशीच लढत होती. तिकिटे नाकारलेले बंडखोर इतके निवडून आले की विधानसभेत अपक्षांचा आकडा ४५ झाला. काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५. मार्च १९९५मध्ये शिवाजी पार्कवर मनोहर जोशी यांनी शपथ घेतली. १९९१मध्ये ४८ पैकी ३८ खासदार देणारे राज्य हातचे गेले. त्याच वेळी गुजरातेत भाजपने १८२ पैकी १२१ जागा जिंकल्या.

महाराष्ट्र गमावणे म्हणजे एक राज्य गमावणे एवढेच नव्हते. उत्तर प्रदेश आणि बिहार आधीच गेल्यामुळे १९९१चे सरकार दक्षिण आणि पश्चिमेच्या बळावर उभे राहिले होते. तेच दोन खांब आता कलले.

पक्षातले वातावरणही फाटले होते. अर्जुन सिंह यांनी डिसेंबर १९९४मध्ये मंत्रिपद सोडले, नंतर त्यांची हकालपट्टी झाली. नारायण दत्त तिवारी यांच्यासह त्यांनी वेगळी चूल मांडली. ऑगस्ट १९९५मध्ये सोनिया गांधींनी अमेठीत राजीवहत्येच्या तपासाच्या संथपणाबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवली. आपले सरकार आणि ज्या घराण्याच्या नावावर मते मागायची ते घराणे यांच्यातली ही दरी कार्यकर्त्याला स्पष्ट कळली. सरकारने मध्यान्ह भोजन, वृद्धांसाठी निवृत्तिवेतन, मातृत्व लाभ अशा योजना त्याच महिन्यात आणल्या. त्या चांगल्या होत्या, पण उशिरा आल्या, आणि त्या लोकांपर्यंत नेणारी राज्य सरकारे बहुतेक विरोधकांची होती.

मग जानेवारी १९९६. सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली चाललेल्या हवाला प्रकरणात आरोपपत्रे दाखल झाली. लालकृष्ण अडवाणींनी खासदारकी सोडली. निर्दोष ठरेपर्यंत निवडणूक न लढवण्याचा त्यांचा शब्द भाजपला नैतिक उंची देऊन गेला, शिवाय मुंबईच्या महाअधिवेशनात त्यांनी आधीच वाजपेयींना पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून पुढे केले होते. काँग्रेसमध्ये माधवराव शिंदे, विद्याचरण शुक्ल, बलराम जाखड असे मंत्री राजीनामे देऊन बाहेर पडले. रावांनी एका दगडात विरोधक आणि पक्षातले प्रतिस्पर्धी दोघांनाही टिपले, असा संशय तेव्हा सर्रास बोलला गेला. तो खरा की खोटा, हा मुद्दा वेगळा. पक्षाने त्यावर विश्वास ठेवला, हे जास्त घातक होते. शिंदे ग्वाल्हेरातून वेगळ्या पक्षातर्फे उभे राहिले आणि दणक्यात निवडून आले.

शेवटचा घाव रावांनी स्वतः घातला. तमिळनाडूत जयललितांच्या सरकारविरुद्ध लोक संतापलेले होते, दत्तक पुत्राच्या लग्नातली उधळपट्टी घराघरांत चर्चेत होती. तिथली जवळजवळ सगळी काँग्रेस युतीविरुद्ध होती. रावांनी तरीही अण्णा द्रमुकशीच युती केली. तिथले काँग्रेस नेते जी. के. मूपनार यांनी तमिळ मानिला काँग्रेस काढली आणि द्रमुकशी हातमिळवणी केली. ३९ जागांपैकी काँग्रेस आणि अण्णा द्रमुक या युतीला एकही मिळाली नाही. जयललिता स्वतः बरगूरमधून हरल्या.

बाकीचे निकालही याच रेषेवर लागले. कर्नाटकात २३ वरून ५, महाराष्ट्रात ३८ वरून १५. गोव्यातल्या दोन्ही जागा प्रादेशिक पक्षांकडे गेल्या: उत्तरेत महाराष्ट्रवादी गोमंतकचे रमाकांत खलप, दक्षिणेत चर्चिल आलेमाव. आंध्रात मात्र २२ जागा राखता आल्या, कारण तेलुगू देसममध्ये फूट पडली होती आणि रामाराव जानेवारीत वारले होते. देशभर भाजपपेक्षा आठ टक्के जास्त मते मिळूनही काँग्रेसच्या जागा १४० आणि भाजपच्या १६१. मते सगळीकडे विखुरलेली, आणि ती एकवटून देणारा प्रांतिक नेता जवळजवळ कुठेच नाही.

वाजपेयींचे सरकार तेरा दिवसांत पडल्यावर १ जूनला देवेगौडांनी शपथ घेतली, काँग्रेसने बाहेरून पाठिंबा दिला. राव सप्टेंबरात पक्षाध्यक्षपदावरून गेले. अर्थखाते मिळाले पी. चिदंबरम यांना. जुलै १९९१मध्ये रावांच्याच मंत्रिमंडळात वाणिज्य खाते सांभाळून त्यांनी व्यापारधोरण बदलले होते आणि मार्च १९९६मध्ये अण्णा द्रमुकशी केलेल्या युतीवरून ते मूपनारांबरोबर बाहेर पडले होते. रावांनी सुरू केलेल्या आर्थिक सुधारणांचे पुढचे अर्थसंकल्प त्यांनी मांडले, तमिळ मानिला काँग्रेसचे खासदार म्हणून.