समुद्री काकडीच्या अळ्यांचे उसने खाद्य

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात लोक जातात ते बोटीतून फ्लेमिंगो पाहायला. त्याच केंद्रात सागरी शोभिवंत माशांच्या पैदाशीचे कामही होते, हे नवी मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नसते. क्लाउनफिशची पिल्ले जगवायची तर आधी रोटिफर, म्हणजे पाण्यातले अतिसूक्ष्म प्राणी हवेत, आणि रोटिफर जगवायचे तर सूक्ष्मशैवाल हवे. म्हणून अशा कोणत्याही हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, हवेचे बुडबुडे सोडलेल्या, हिरव्या-तपकिरी पाण्याच्या बरण्या असतातच. समुद्री काकडी हा समुद्रतळावर राहणारा, काकडीच्या आकाराचा प्राणी; त्याच्या हॅचरीतही त्याच बरण्या दिसतात. तिथे फक्त मधला रोटिफर नसतो. अळी थेट शैवालच खाते.

ही रीत समुद्री काकडीसाठी कोणी शोधून काढलेली नाही. ती इतरांच्या पैदाशीतून, मुख्यतः कालव या शिंपल्यातल्या जीवाच्या, उसनी आली आणि काकडीला मानवेल अशी बसवण्यात पुढची कित्येक दशके गेली.

१९१० साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत ॲलन आणि नेल्सन यांनी सागरी डायटम, म्हणजे काचेसारखे कवच असलेले एकपेशीय शैवाल, बाटलीत सातत्याने वाढवण्याची पद्धत मांडली. तिथे डायटमवर समुद्री अर्चिनच्या अळ्याही वाढवल्या गेल्या. अर्चिन म्हणजे काटेरी गोळ्यासारखा सागरी प्राणी. तो आणि समुद्री काकडी दोघेही कंटकचर्मी या एकाच प्राणिगटातले, म्हणजे नाते जवळचे. पण त्या कामामागे व्यापार नव्हता. पैसा होता कालवांत. आपल्या खाडीकाठी कालवे अजूनही खडकावरून फोडून आणतात. युरोपात मात्र नैसर्गिक कालवे घटत चालल्यामुळे बीज टाकीत काढायची वेळ आली होती. आयल ऑफ मॅन बेटावरच्या पोर्ट एरिन इथे ब्रूस, नाइट आणि पार्क यांनी कालवांच्या अळ्या शैवालावर वाढवल्याचे काम १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्याच एका सोनेरी-तपकिरी शैवालाला मेरी पार्क यांनी १९४९ मध्ये आयसोक्रायसिस गॅल्बाना हे नाव दिले. पेशी पाच-सहा मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वर कडक कवच नाही, त्यामुळे पचायला हलकी. पुढे जगभरच्या हॅचऱ्यांत हे शैवाल पोहोचले.

जपानमध्ये इनाबा यांनी १९३७ मध्ये तिथल्या समुद्री काकडीच्या अळ्या वाढवून पाहिल्या होत्या. १९५० मध्ये इमाई आणि सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेले ते ‘मोनास’ या बिनरंगी, चाबकासारखे शेपूट हलवत पोहणाऱ्या एकपेशीय जीवावर. म्हणजे तेव्हाचे हे खाद्य हिरवे नव्हतेच! हा तपशील सहसा एका ओळीत उरकला जातो, पण माझ्या मते तो मोलाचा आहे. अळीला खाद्याच्या रंगाशी देणेघेणे नसते. कण तोंडात मावतो का आणि त्यातून चरबी किती मिळते, एवढेच तिच्यासाठी महत्त्वाचे.

पहिल्या अवस्थेतली अळी, ऑरिक्युलॅरिया, पारदर्शक असते. अंगावरच्या केसाळ पट्ट्याने ती पाण्यातले कण तोंडाकडे ढकलते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे पोट रंगीत दिसले तर ती खाते आहे, इतकी ही तपासणी सोपी. पुढची अवस्था डोलिओलॅरिया. ती काहीच खात नाही आणि आकारानेही आक्रसते. तिला आधीच्या शिदोरीवरच तळ गाठायचा असतो.

चीनमध्ये १९५० च्या दशकात सुरू झालेले प्रयोग १९८० च्या दशकात मोठ्या हॅचऱ्यांपर्यंत गेले. तिथे ड्युनालिएला हे हिरवे सूक्ष्मशैवाल आणि डायटम वापरले जात, आणि शैवाल कमी पडले की सागरी यीस्टवर भागवले जाई. आज चीनचे समुद्री काकडीचे वार्षिक उत्पादन ओल्या वजनात २ लाख टनांहून जास्त आहे.

भारतात हे काम टंचाईमुळे सुरू झाले. मन्नारच्या आखातातली सुकवलेली समुद्री काकडी पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जात होती. १९८२ मध्ये तीन इंचांपेक्षा लहान मालाच्या निर्यातीवर बंदी आली. मग १९८८ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या तुतिकोरिन केंद्रात डी. बी. जेम्स आणि सहकाऱ्यांनी होलोथुरिया स्कॅब्रा या जातीची पैदास टाकीत घडवून आणली. पाण्याचे तापमान काही अंशांनी वाढवून नर-मादींना अंडी-शुक्राणू सोडायला लावले. अळ्यांना दिले ते आयसोक्रायसिस, कालवांच्या टाकीतून आलेलेच. दोन आठवड्यांच्या आत अळ्या तळाशी बसू लागल्या.

यानंतर गाडी अडली ती प्रमाणावर. हॅचरीतला नवखा माणूस हात सैल सोडतो, अळी उपाशी राहू नये म्हणून. पण न खाल्लेले शैवाल तळाशी कुजते, त्यावर जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव माजतात आणि टाकी हातची जाते. म्हणून सुरुवातीला मिलिलिटरमागे साधारण २० हजार पेशी आणि अळी मोठी होईल तसे ४० हजारांपर्यंत, असा शिरस्ता पडला. दुसरी अडचण मिश्रणाची. डीएचए आणि ईपीए ही अळीला लागणारी दोन मेदाम्ले. आयसोक्रायसिसमध्ये डीएचए भरपूर, ईपीए कमी. कीटोसेरॉस या डायटममध्ये उलटे. व्हिएतनाममध्ये न्हा-त्रांगच्या संशोधकांनी कीटोसेरॉस म्युलेरीवर भर दिला. उशिराच्या ऑरिक्युलॅरियात दिसणारे काचेसारखे गोल थेंब, म्हणजे साठवलेली चरबी, ही अळीची शिदोरी पुरेशी आहे का ते ओळखायची खूण ठरली. बरणीत घालायचे खत मात्र बहुतेक ठिकाणी एकच, गिलार्ड आणि रायथर यांच्या १९६२ च्या कामातून आलेले एफ/२: नायट्रेट, फॉस्फेट, सूक्ष्म धातू, तीन जीवनसत्त्वे. डायटमसाठी वर सिलिकेट.

तळाशी बसल्यावर आहार पुन्हा बदलतो. आता तरंगते शैवाल चालत नाही; प्लास्टिकच्या पत्र्यांवर डायटमचा बुळबुळीत थर वाढवून ठेवावा लागतो. ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलावर तपकिरी थर दिसतो, त्याच जातकुळीचा.

म्हणून इथल्या खाडीत समुद्री काकडी वाढेल असे नाही. कंटकचर्मींना खारटपणातले चढउतार सोसत नाहीत, आणि पावसाळ्यात ठाण्याकडचे पाणी गोडसर, गढूळ होते. शिवाय २००१ मध्ये सगळ्या समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेल्या. तेव्हापासून पकड आणि व्यापार बंद. ऐरोलीसारख्या ठिकाणी शैवाल वाढवायचे कसब शिकता येईल. पण ते समुद्री काकडीसाठी वापरायचे तर वन्यजीव खात्याची परवानगी आणि बारमाही खारे पाणी, दोन्ही लागेल.